लांब गाडी आणि सावित्रीकाठचा रस्ता

गेल्या मे महिन्यात माझी पुण्याची मावसबहीण चार दिवस आमच्याकडे महाडला आली होती. रिक्षातून उतरून उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच तिचं लक्ष दारातल्या गाडीकडे गेलं. "अगं, अजून हीच का? या एवढ्याशा बोळात ही लांबलचक गाडी कशाला ठेवली आहेस? विकून टाक आणि एखादी उंच गाडी घे. आता सेडान कोण वापरतं?"

आमच्या ह्यांनी चहाच्या कपाआडून माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न घरात कितीतरी महिने फिरतच होता, ताईनं तो मोठ्यानं विचारला एवढंच. गाडी मारुतीची सियाझ, २०१६ सालची. आम्ही ती २०१९ मध्ये जुनी घेतली. २०२५ मध्ये कंपनीनं ही गाडी बनवणंच बंद केलं आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सुटे भाग मिळतील का? पुढे विकायला काढली तर किंमत येईल का? त्यातून पावसाळा तोंडावर. विकायची तर जूनच्या आत विकलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या वेळी वाद घातला नाही. ताईला म्हटलं, "उद्या पहाटे आपण प्रतापगडला जाऊ. तू मागे सासूबाईंच्या शेजारी बस. परत आलीस की मग सांग, विकू की ठेवू."

तर मैत्रिणींनो, तुम्हीही चला. मागच्या सीटवर तिसरीची जागा आहे.

निघायच्या आधी पहिला कार्यक्रम सासूबाईंना गाडीत बसवण्याचा. आता खोटं कशाला बोलू, अशा गाडीचा खरा दोष इथेच कळतो. सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच गाडीत चढताना त्रास होतो, तर हिच्यात बसताना आणि उठताना. आम्ही त्यावर एक युक्ती काढली आहे. सीटवर एक जाडसर प्लास्टिकची पिशवी अंथरायची. सासूबाईंनी गाडीकडे पाठ करून आधी नीट बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. पिशवीवरून अंग अलगद वळतं, गुडघ्याला पीळ बसत नाही. बसल्यावर मात्र पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतं. उतरताना पुन्हा तीच पिशवी. तुमच्या घरी असं कुणी असेल तर करून पाहा.

साडेपाचला निघालो. महाड पहाटे पाहावं. चवदार तळ्याच्या काठी फिरायला आलेली चार माणसं, दुधाच्या किटल्या, एस. टी. स्टँडावर पेंगणारे प्रवासी. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. दरवर्षी त्या दिवशी गावोगावची माणसं इथे येतात आणि गावातले रस्ते माणसांनी भरून जातात. त्या दिवशी आणि रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जूनला, आम्ही गाडी दारातून हलवत नाही. हलवणार कुठे?

गावाबाहेर पडलं की चौपदरी महामार्ग लागतो. पोलादपूरपर्यंतचे अठरा-वीस किलोमीटर गाडी कशी पाण्यासारखी जाते. ताई मागून म्हणाली, "बाई, आवाज काही येत नाही हं." मी पुढे पाहतच म्हटलं, "अजून घाट यायचाय."

ही गाडी आमच्या घरी कशी आली ते एवढ्यात सांगून टाकते. आमचे मामंजी हयात असताना त्यांचं एकच स्वप्न होतं, दारात फियाट असावी. त्यांच्या तरुणपणी बरी गाडी म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट. तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणायला लागले. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. मामंजींचा नंबर काही लागला नाही, कारण त्यांनी तो लावलाच नव्हता, पैसेच नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या कायमच्या बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा सासूबाईंनी पेपरातला तो फोटो कापून त्यांच्या तसबिरीमागे ठेवला.

२०१९ मध्ये सासूबाईंच्या डोळ्यांचे उपचार पुण्यात सुरू झाले. महिन्यातून एक-दोन खेपा. त्यांना एस. टी. लागते, अगदी पहिल्या वळणापासून. भाड्याच्या उंच गाडीतही तेच. एकदा माझ्या भावाच्या मित्राच्या सेडानमधून आलो आणि वरंध घाट उतरून बाई हसत खाली उतरल्या. त्याचं कारण मला पुढे गॅरेजवाल्या काकांनी समजावलं. उंच गाडी वळणावर आंदुळते, जसं उंच पाठीच्या बैलगाडीत भारा भरावा तसं. बसकी गाडी कमी झुकते. अंगाला हेलकावे कमी बसतात, म्हणून गाडी कमी लागते. झालं, त्या दिवशी ठरलं.

पण नवी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. यातली एक गंमत तुम्हालाही माहीत असू दे. २००६ पासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनच्या गाड्यांना कर कमी असतो. म्हणून कितीतरी गाड्यांची डिकी कापल्यासारखी दिसते. आमची गाडी साडेचार मीटरला जरा कमी. त्यामुळे नवी असताना तिला कर जास्त, आणि जुनी झाल्यावर गिऱ्हाईक कमी, कारण जो तो उंच गाडीच्या मागे. म्हणजे पहिल्या मालकाचं नुकसान ते दुसऱ्याचं भाग्य. तीन वर्षं वापरलेली पेट्रोलची गाडी आम्हाला सहा लाखांच्या आत मिळाली. त्यात माझ्या अर्धवेळ शिकवण्याचे चार वर्षांचे साठवलेले पैसे होते. ते इथे सांगते आहे, कारण घरात "गाडी ह्यांची" असं म्हटलं की मला अजून बोचतं.

घ्यायला पुण्याला गेलो तेव्हा काकांना बरोबर नेलं. आम्ही महाडचे, २००५ चा पूर पाहिलेले. काकांनी इंजिन उघडायच्या आधी काय केलं असेल? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. गाडी बुडालेली असेल तर बाहेरून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. मग डिकीतलं स्टेपनीचं चाक उचलून खालचा पत्रा पाहिला. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून वर करून वास घेतला. सीटखालचे बोल्ट गंजलेत का ते बोटानं चाचपलं. बॅटरीच्या उजेडात पुढच्या दिव्यांच्या काचेत ओल आहे का पाहिलं. अशा तीन गाड्या नाकारल्या, चौथी घेतली. कागदांच्या बाबतीत मी स्वतः हटून बसले. आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र हातात घेतलं, नोंदणीच्या पुस्तकावरून बँकेचं नाव काढून घेतलं, मग गाडी आमच्या नावावर, आणि लगोलग विमाही आमच्या नावावर. विमा जुन्या मालकाच्या नावावरच राहिला आणि मध्ये काही झालं तर कुणी दारात उभं करत नाही.

"हा नवा पूल का गं?" ताईनं विचारलं.

हो, हाच तो. खाली सावित्री. मे महिन्यात तिच्यात दगड जास्त आणि पाणी कमी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीवरचा ब्रिटिश काळातला जुना पूल पुरात वाहून गेला. अंधारात दोन एस. टी. गाड्या आणि आणखी काही वाहनं एकामागून एक पाण्यात गेली. पुढच्या वर्षी जूनपर्यंत नवा पूल उभा राहिला. सासूबाई इथे अजूनही हात जोडतात आणि त्यांचे हात खाली येईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. ताईसुद्धा गप्प झाली.

पूल ओलांडल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "एकवीसच्या पुरात तू खरंच एकटीनं गाडी काढली होतीस?"

काढली होती. त्याला आता काही वर्षं झाली, पण सांगते.

माझ्याकडे परवाना होता जेमतेम सहा महिन्यांचा. गाडी शाळेपर्यंत आणि बाजारापर्यंत नेत असे, तीही दिवसा. हे होते औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला. २१ जुलैला दिवसभर पाऊस कोसळत होता. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, खाली पोलादपूर, मग महाड, पुढे बाणकोटला समुद्र. वरच्या डोंगरात पडलेलं सगळं आमच्या दारावरून जायचं. त्यात भरती असली की खालून वाट बंद. त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला, हे आम्हाला नंतर कळलं. रात्री अडीचला शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. पाणी बोळाच्या तोंडाशी आलं होतं. वीज गेलेली.

स्टीलच्या डब्यात कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, मुलाचं दप्तर (ते त्यानंच घेतलं), बिस्किटं आणि चिवड्याचा डबा. सासूबाई, माझा सहा वर्षांचा मुलगा, वहिनी आणि त्यांची मुलगी असे पाचजण. बोळ एवढा अरुंद की गाडी मागे घेतच बाहेर काढावी लागते. दिवसा काढतानासुद्धा मी दोनदा उतरून बघत असे. त्या रात्री वहिनी मुलांची चड्डी भिजेल एवढ्या पाण्यात उभ्या राहून बॅटरी दाखवत होत्या आणि मी गाडी मागे घेत होते. एका भिंतीला घासली. तो ओरखडा अजून आहे, मी तो भरू दिलेला नाही. रस्त्यावर पाणी चाकाच्या अर्ध्याच्या आत होतं. काकांचं वाक्य कानात होतं, पाण्यात पहिला गियर सोडायचा नाही, वेग बदलायचा नाही, थांबायचं नाही. आणि पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर आत शिरायचंच नाही. आणखी वीस मिनिटं उशीर झाला असता तर शिरता आलंच नसतं.

महामार्गाच्या उंचवट्यावर गाड्यांची रांग लागली होती. तिथे आम्ही २२ चा सबंध दिवस आणि पुढची रात्र काढली. पुढची सीट पूर्ण मागे टाकून दोन्ही मुलं. मागे सासूबाई पाय जवळ घेऊन आडव्या, त्यांचं डोकं वहिनींच्या मांडीवर. काचा बोटभर उघड्या ठेवल्या होत्या. बंद काचांच्या उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नये, विषारी वायूनं माणसं जातात, हे ठाऊक होतं. डिकीत एक जुनी सतरंजी, दोन छत्र्या आणि पाण्याचा कॅन निघाला. या गाडीची डिकी ५१० लिटरची आहे, म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि वर बाजाराच्या पिशव्या सहज राहतात. एरवी ती आमची अडगळीची खोलीच. त्या दिवशी त्या अडगळीनं आम्हाला तारलं. फोन बंद. ह्यांचा पत्ता नाही, आणि त्यांना आमचा.

२३ ला पाणी उतरायला लागलं तेव्हा हे चिखल तुडवत गाड्यांच्या रांगेतून आमची गाडी शोधत आले. नंबर वाचायच्या आधी त्यांना तो ओरखडा दिसला म्हणे, आणि त्यांना वाटलं की ही दुसऱ्याचीच गाडी. तेव्हाच तळियेची बातमी कळली. २२ च्या संध्याकाळी गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली होती. त्यापुढे आमचा माळ्याला टेकलेला फ्रिज आणि भिजलेली गादी यांचं रडगाणं कुणाला सांगायचं?

आमच्या आळीतल्या ज्या गाड्या बुडाल्या त्यांच्यावरून मात्र एक गोष्ट शिकले, ती तुम्हाला सांगायलाच हवी. पाणी ओसरल्यावर एका शेजाऱ्यांनी पहिली गोष्ट केली ती चावी फिरवण्याची. चालू होते का बघू! इंजिनात पाणी शिरलेलं असतं, ते काही हवेसारखं दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. जे दुरुस्त झालं असतं ते कायमचं गेलं. वर विमा कंपनीनं सांगितलं की साध्या विम्यात हे बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. शेजारी आजही वैतागून म्हणतात, हे आधी कुणी सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. बुडालेल्या गाडीला चावी लावू नका. फोटो काढा, बॅटरीची तार काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या, ओढत चालू करू नका. नदीकाठच्या गावात राहत असाल तर विम्याचं नूतनीकरण करताना इंजिनाचं संरक्षण आहे का, हे स्वतः वाचून बघा. त्याला थोडेच पैसे जास्त पडतात.

एवढं सांगेपर्यंत पोलादपूर आलं. चहाला थांबलो. गाव लहान, पण थोर माणसांचं. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथली, आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं. सरळ गेलं की कशेडी. पूर्वी त्या घाटात ट्रकच्या मागे पाऊण तास जायचा. २०२३ च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांना पहिल्यांदा खुली झाली, तेव्हा खेडला माहेरी जाताना माझा मुलगा म्हणाला, "आई, घाट कुठे गेला?" आपण मात्र डावीकडे वळायचं, आंबेनळी घाटात.

आता खरी परीक्षा. आंबेनळी म्हणजे वळणावर वळण, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यात दरडी पडून हा रस्ता बंद होतो, म्हणून आम्ही जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जात नाही. ताईला लहानपणी गाडी लागायची. तिच्या हातात आलेपाकाची वडी दिली आणि म्हटलं, खाली मोबाइलात बघायचं नाही, पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघायचं. मी दुसऱ्या गियरमध्ये गाडी चढवली. उतरतानाही दुसराच ठेवते. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, सारखा ब्रेक दाबून तो तापवायचा नाही, हेही काकांचंच.

एका ठिकाणी खडबडीत रस्त्यावर गाडीचं पोट खरवडलं. "बघ," ताई म्हणाली. बघितलं. सतरा सेंटिमीटरची उंची आहे, पाच माणसं बसली की आणखी कमी होते. रायगडाच्या बाजूच्या वाड्यांत लग्नाला जायचं तर आम्ही गाडी डांबरी संपतं तिथे लावतो आणि पुढे चालतो. खेड्यातले गतिरोधक मी तिरके घेते, एका वेळी एकच चाक. तक्रार करायची तर एवढीच आहे. बाकी इतक्या वर्षांत चार टायर, दोन बॅटऱ्या, एकदा क्लच आणि चाकांमागचे रबरी बुश. रस्त्यात तिनं आम्हाला कधी उभं केलेलं नाही. तेल दरवर्षी बदलते, किलोमीटर कमी झाले असले तरी. पावसाळ्याआधी वायपरचे रबर, आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करायची. ती चिखलानं बुजली की आतून गंज चढतो.

वाडा कुंभरोशी आलं तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. वर प्रतापगड, सकाळच्या उन्हात अगदी जवळ दिसत होता. हे, ताई आणि मुलगा पायऱ्या चढून भवानीच्या दर्शनाला गेले. मी सासूबाईंबरोबर खालीच थांबले. त्यांना गड चढवत नाही, पण लग्नानंतर मामंजींबरोबर एकदा त्या इथे एस. टी.नं आल्या होत्या आणि येताना-जाताना सगळा वेळ त्यांचं डोकं खिडकीबाहेर होतं. ते आठवून त्या एकट्याच हसत बसल्या. मग म्हणाल्या, "दार उघडं ठेव गं, वारा छान आहे." सीट मागे टाकून दिली. थोड्या वेळानं पाहिलं तर झोपल्या होत्या.

परतीच्या वाटेवर पोलादपूर येईपर्यंत ताईही झोपली. महाडला पोचल्यावर तिला उठवलं, तर म्हणाली, "घाट संपला?" ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतःच विम्याचे कागद घेऊन माझ्याकडे आले. इंजिनाच्या संरक्षणापुढे त्यांनी खूण करून ठेवली होती. सही मी केली. आता पाऊस सुरू झाला की रोज संध्याकाळी गाडी बोळातून काढून ओळखीच्यांच्या अंगणात, वरच्या बाजूला नेऊन लावायची आणि छत्री घेऊन चालत परत यायचं. सासूबाई तेवढ्या वेळात दिवा लावून ठेवतात आणि मी आले की विचारतात, "नीट लावलीस ना? तोंड रस्त्याकडे करून?"